डेस्कटॉप कुणाच्या मर्जीचा?

घरातल्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप कसा दिसावा, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक पक्ष माझ्या नणंदेचा. वन्संनी सांगलीत टायपिंगचा क्लास चालवला. गोदरेज आणि रेमिंग्टनच्या मशिनांवर मुलामुलींना तीसच्या स्पीडच्या परीक्षेला बसवलं आणि ती मशिनं गेल्यावर त्याच टेबलांवर कॉम्प्युटर मांडले. दुसरा पक्ष माझ्या मुलाचा. तो कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. दवाखाने, मेडिकलची दुकानं, पतसंस्था आणि लोकांची घरं हे त्याचं गिऱ्हाईक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून तो आत्याच्या मागे लागला होता, की नवीन मशीन घे आणि या वेळी ते जसं येतं तसंच ठेव. त्या ‘जसं येतं तसंच’वरून दोघांची जुंपली. दोघंही आपापल्या कामातून शिकलेलं बोलतात, म्हणून ते बोलणं इथे उतरवते आहे. जिथे मला राहवलं नाही, तिथे माझंही म्हणणं आहे.

भाचा : आत्या, तुझ्या मशीनवर बसलं की पहिली काही मिनिटं मला काही सापडतच नाही. टास्कबार उजव्या कडेला उभी. फोल्डरची चित्रं भलतीच. माउसचा बाण एवढा मोठा आणि पिवळाधमक. फोनवर तुला काही सांगायचं तर ‘खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्ट आहे बघ’ असंही म्हणता येत नाही.

आत्या : मग नुसतं ‘स्टार्ट दाब’ म्हण. माझं स्टार्ट कुठे आहे ते मला माहीत आहे.

भाचा : तुला माहीत आहे गं. उद्या मी गावात नसलो, दुसरा कुणी मुलगा आला तर? दिवसभर वेगवेगळी मशिनं बघणाऱ्या माणसाला सगळीकडे गोष्टी ठरल्या जागी लागतात. डॉक्टरांकडे काम निघतं तेव्हा बाहेर पेशंट बसलेले असतात. तिथे कुणी हौसेने सगळं हलवून ठेवलं असेल, तर त्या हौसेची किंमत बाहेर बसलेला पेशंट मोजतो.

आत्या : दवाखान्याचं मान्य. पण माझी टास्कबार उजवीकडे का आहे, ते एकदा तरी विचारलंस का? स्क्रीन आडवी आणि माझा कागद उभा. पट्टी खाली ठेवली की कागदाच्या ओळी कमी दिसतात. बाजूला मात्र जागा नुसती पडून असते. ती हौस नाही, सोय आहे.

भाचा : ती एक गोष्ट सोडून देऊ. पण वॉलपेपर? डेस्कटॉप दिसतो तरी कधी? मशीन चालू झालं, क्रोम उघडलं, की चित्र झाकलं गेलं. जे दिवसभर दिसतच नाही त्याच्यावर एवढा जीव कशाला टाकायचा?

आत्या : दिसतं. विंडोजची कळ आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या खाली जातात. फाइल शोधायला मी तिथेच येते. जरा नीट बघ त्या चित्राकडे.

मीही नीट बघितलं. चित्र सांगलीच्या आयर्विन पुलाचं आहे, वन्संनी स्वतः सकाळी घाटावरून काढलेलं. पूल आणि पाणी उजवीकडे एकवटलं आहे, डावीकडे नुसतं फिकं आकाश. त्या आकाशावर आयकॉनांची एकच उभी रांग : वीजबिल, पासबुक, भिशी, औषधं, पत्रं. नावं मराठीत. औषधांच्या फोल्डरवर झाडाचं चित्र, पासबुकाच्या फोल्डरवर किल्लीचं. फोल्डरवर उजवं क्लिक केलं की प्रॉपर्टीज, त्यात कस्टमाइझ, त्यात चेंज आयकॉन, हे सगळं त्यांनी कुणाला न विचारता शोधलं आहे. फोटो काढतानाच आयकॉनांसाठी आकाश मोकळं सोडलं होतं, असं त्या म्हणाल्या. लग्नाचा भरगच्च फोटो पसरून त्यावर अक्षरं शोधत बसणारी घरं मी खूप पाहिली आहेत. चित्र निवडताना आधी मोकळी जागा बघायची, हे फार थोड्यांना सुचतं.

भाचा : छान आहे, नाही म्हणत नाही. पण जे चित्र आपोआप येतं तेही विचार करूनच निवडलेलं असतं. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठव. कोट्यवधी लोकांनी ती कधी बदलली नाही. काही बिघडलं का त्यांचं?

त्या टेकडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या फोटोंमध्ये तिची गणना होते. चार्ल्स ओ’रीअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. कॅमेरा फिल्मचा होता. तो सगळा भाग द्राक्षांचा. त्या टेकडीवरच्या वेली मुळांना लागणाऱ्या किडीमुळे काढून टाकलेल्या होत्या, म्हणून तिथे त्या वर्षी नुसतं गवत होतं. पुढे तिथे पुन्हा द्राक्षं लागली. मायक्रोसॉफ्टने फोटोचे हक्क विकत घेतले आणि २००१ मध्ये एक्सपीबरोबर तो घरोघरी पोचला. तासगावच्या द्राक्षबागायतदाराने आपल्या पहिल्या कॉम्प्युटरवर जी हिरवळ पाहिली, ती खरं तर एक मोडलेली द्राक्षबाग होती.

आत्या : टेकडी मलाही आवडायची. क्लासच्या मशिनांवर मी ती राहू दिली होती. पण ती नको असेल तर बदलता येत होती की नाही? रंगसुद्धा निळा, हिरवा, रुपेरी असे तीन होते. ज्याने बदललं नाही, त्याने आपल्या मर्जीने बदललं नाही. बदलताच येत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाचा : बदलताच येत नाही असं कुठे आहे?

आत्या : तूच दाखवलं होतंस. त्या छोट्या लॅपटॉपवर.

वन्सं म्हणत होत्या ते नेटबुकांबद्दल. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा स्वस्तातल्या छोट्या मशिनांवर त्याची ‘स्टार्टर’ आवृत्ती येत असे. तिच्यात वॉलपेपर बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मुलीचा फोटो लावायचा असेल, तर वरच्या आवृत्तीचे पैसे भरा. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, नकली एक्सपी चालवणाऱ्यांसाठी एक अपडेट आलं. ते दर तासाने डेस्कटॉप काळा करायचं. चित्र पुन्हा लावता यायचं, तासाभराने पुन्हा काळं. आजही विंडोज अ‍ॅक्टिव्हेट केलेलं नसेल, तर पर्सनलायझेशनच्या पानावरची बटणं करडी होऊन बसतात. टायपिंग चालतं, प्रिंट निघतो, इंटरनेट चालतं. फक्त चित्र आणि रंग हातात राहत नाहीत. डेस्कटॉप कुणाला दिसतच नाही, असं माझा मुलगा म्हणतो. कंपनीला मात्र नेमकं ठाऊक होतं, की हे मशीन अजून पूर्ण तुमचं झालेलं नाही, हे माणसाला कुठे जाणवेल.

भाचा : नकली कॉपी वापरू नये हा त्याचा अर्थ. त्यात वाईट काय? आणि आई, तू आत्याच्या बाजूने लिहिते आहेस.

लिहिते आहे. पण त्याच्याकडेही असे मुद्दे आहेत, ज्यांना उत्तर नाही.

भाचा : फुकटच्या थीम आणि स्क्रीनसेव्हर. मला सगळ्यात जास्त त्रास त्यांनी दिलाय. स्क्रीनसेव्हरची फाइल म्हणजे लोकांना चित्र वाटतं. विंडोजमध्ये ती अख्खा प्रोग्रॅम असते. दुहेरी क्लिक केलं की चालू. माशांची टाकी हवी म्हणून उतरवतात, आणि माशांबरोबर व्हायरस येतो. एका दुकानात ब्राउझरचं होमपेज बदललेलं, दर क्लिकला जाहिरात, मशीन मुंगीच्या पावलाने चाललेलं. कारण काय, तर मुलाने बाण चमकता करणारं काहीतरी टाकलेलं. अशा वेळी मी सगळं पुसून कोरं विंडोज टाकतो, आणि मालक सुटकेचा श्वास सोडतो.

आत्या : ते माझ्या मशीनवर कधी दिसलं?

भाचा : नाही दिसलं.

आत्या : कारण मी बाहेरून काही आणत नाही. विंडोजमध्ये आहे तेवढंच वापरते. चित्र माझं, बाकी सगळं त्याचंच.

हा नियम वाचकांनी उचलावा असा आहे. डोळे शिणू नयेत, अक्षर नीट दिसावं, फोल्डर पटकन ओळखू यावा, यासाठी बाहेरचा एकही प्रोग्रॅम लागत नाही. स्क्रीनसेव्हरची तर आता तशी गरजही राहिलेली नाही. जुन्या काचेच्या जाड मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं, की त्याचा डाग आतल्या लेपावर कायमचा उमटायचा, म्हणून हलती चित्रं आली. साध्या एलसीडी स्क्रीनला तसा धोका नाही. ओएलईडीला आहे, पण तिथेही स्क्रीन आपोआप बंद होऊ देणं हाच सोपा उपाय.

वॉलपेपरने मशीन जड होतं, ही तक्रारही जुन्या काळातली. तेव्हा ती खरी होती. विंडोज ३.१ च्या दिवसांत स्क्रीन ६४० बाय ४८० ठिपक्यांची. २५६ रंगांत ते चित्र मेमरीत सुमारे ३०० केबी खायचं. मशीनची सगळी मेमरी ४ एमबी असेल, तर जवळजवळ चौदावा हिस्सा नुसत्या चित्रावर. आज १९२० बाय १०८० चं चित्र साधारण ८ एमबी घेतं आणि मशीनमध्ये ८ जीबी असतात, म्हणजे हजारातला एक भाग. ज्यांनी तेव्हा कॉम्प्युटर शिकला ते अजून ‘वॉलपेपर काढा, मशीन हलकं होईल’ म्हणतात. माझ्या मुलाला शिकवणारेही त्यांच्यातलेच.

भाचा : ठीक आहे, मेमरीचं सोडलं. माझा मुख्य मुद्दा राहिलाच. आत्या, तू टायपिंग शिकवलंस. कळफलकावरच्या कळांच्या जागा कुणाला बदलू दिल्यास का? उलट कळा दिसू नयेत म्हणून वर फडकं टाकायचीस. सगळ्या मशिनांवर अक्षरं एकाच जागी, म्हणून तर सांगलीत शिकलेली मुलगी मुंबईच्या कचेरीत जाऊन पहिल्या दिवसापासून टाइप करू शकली. स्टार्टचं बटण, बंद करायची फुली, सेटिंग्ज, हे सगळं त्या कळांसारखंच आहे. ते जागेवर राहिलं की माणूस कुठल्याही मशीनवर बसू शकतो. तुझ्या मशीनवर शिकलेला माणूस फक्त तुझ्याच मशीनवर बसू शकेल.

वन्सं यावर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मुद्दा त्यांच्याच धंद्यातला होता.

आत्या : कळांच्या जागा बदलू दिल्या नाहीत, खरं आहे. पण मुलगी मशीनवर बसली की पहिलं काय करायची, आठवतं? कागद घालायच्या आधी मार्जिनचे दोन्ही खटके सरकवायची. घंटी कुठे वाजायला हवी ते ठरवायची. टॅब लावायची. ओळींमधलं अंतर एक की दोन, ते बघायची. खुर्ची पुढेमागे. मशीन उजेडाकडे वळवायची. डावखुरी असली तर मूळ कागद कुठल्या बाजूला ठेवायचा ते तिचं ती ठरवायची. आधीच्या मुलीचे खटके तसेच ठेवून टाइप करायला बसली, तर पहिल्या ओळीतच कागद वाया. कळा सगळ्यांच्या आणि खटके बसणाऱ्याचे. दोन्ही एकाच मशीनवर होतं, आणि कशाची कशाला अडचण होत नव्हती.

या विषयावर मी जे वाचलं त्यात इतकी स्वच्छ वाटणी मला कुठे दिसली नाही. ती लावून गेल्या काही वर्षांकडे पाहिलं, की आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं नेमकं कशामुळे वाटतं ते कळतं. जे सगळ्यांचं आहे, ज्याची जागा हलू नये, ते कंपनी हलवत राहते. १९९५ पासून माणसांच्या हाताला बसलेलं स्टार्टचं बटण २०१२ मध्ये विंडोज ८ ने काढून टाकलं. एवढी ओरड झाली, की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. २०२१ मध्ये विंडोज ११ ने ते कोपऱ्यातून उचलून मधल्या गर्दीत नेलं. आणि जे बसणाऱ्याचं आहे ते मात्र काढून घेतलं जातं. टास्कबार चारही कडांपैकी कुठेही नेता येईल ही सोय विंडोज ९५ पासून होती. विंडोज ११ आलं तेव्हा ती गेली. स्टार्टरच्या वॉलपेपरचं तर वर सांगितलंच. म्हणजे कळा दर काही वर्षांनी नव्या जागी आणि खटके मात्र डकवून टाकलेले. माझ्या मुलाला सगळं एका जागी हवं आहे, पण तो ज्याला ‘जसं येतं तसं’ म्हणतो ते स्वतःच एका जागी राहत नाही.

भाचा : हे खरं आहे. विंडोज ११ मध्ये स्टार्ट डावीकडे आणण्याचं सेटिंग आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकांकडे मी आधी तेच करतो.

आत्या : म्हणजे तूही बदलतोसच.

भाचा : लोकांच्या सवयीचं असतं तेवढं परत आणतो.

आत्या : मग माझ्या सवयीचं परत आणून दे. आणि मराठी लावून दे.

मराठीवरून पुन्हा थोडं झालं. मेनू मराठीत असला की फोनवर मदत करणं त्याला कठीण जातं, कारण त्याला सगळी नावं इंग्रजीत पाठ. ही अडचण खरी आहे, पण ती दुरुस्ती करणाऱ्याची आहे, मशीन वापरणाऱ्याची नाही. आणखी एक गोष्ट लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने विकत घेण्याआधी बघावी. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ नावाची विंडोजची आवृत्ती येते. मराठीत टाइप करायला तिच्यात काही आडकाठी नाही, पण मेनूंची भाषा एकच ठेवण्याची मुभा असते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. खोक्यावरची ती ओळ वाचा.

मराठी अक्षर विंडोजवर नीट दिसू लागलं त्यामागे आपल्याच माणसाचं काम आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. र. कृ. जोशी, कवी आणि सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांनी घडवला. छोट्या आकारात, त्या काळच्या भरड स्क्रीनवर जोडाक्षर वाचता यावं, ही त्यातली कसोटी होती. एखादं पत्र वेगळ्या फॉन्टमध्ये लावावंसं वाटणं ही पुढची गोष्ट. आधी ‘क्ष’ आणि ‘त्र’ तुटून पडू नयेत यासाठी कुणीतरी खपलेलं असतं.

वादाचा शेवट मात्र वॉलपेपरवर झाला नाही. तो डोळ्यांवर झाला. वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. पांढरीशुभ्र स्क्रीन त्यांना टोचते, म्हणून पार्श्वभूमी फिकट राखाडी. पांढरा बाण पांढऱ्या कागदावर हरवतो, म्हणून तो मोठा आणि पिवळा. अक्षराशेजारी लुकलुकणारी बारीक रेघ दिसत नाही, म्हणून ती जाड केलेली. माझ्या मुलाला हौस वाटत होती तिच्यातली निम्मी अशी निघाली.

भाचा : हे मला आधी सांगायचं ना. मी दोन वेळा बाण लहान करून ठेवला होता.

आत्या : आणि मी दोन्ही वेळा मोठा करून घेतला.

हौस आणि गरज पूर्वी एकाच जागी होत्या. १९८४ मध्ये पहिला मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यात एक लहानसं कंट्रोल पॅनेल होतं. आयकॉन आणि अक्षरं सुझन केअर या चित्रकर्तीने काढलेली, शब्द जवळजवळ नाहीतच. स्क्रीन काळीपांढरी. डेस्कटॉपची नक्षी बदलायची तर आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन मिळायचा. एकेक ठिपका काळा किंवा पांढरा करत बसायचं, आणि तीच नक्षी सगळ्या स्क्रीनभर पसरायची. त्याच पॅनेलमध्ये, त्या नक्षीला लागूनच, माउसच्या दोन क्लिकमधलं अंतर, लुकलुकणाऱ्या रेघेचा वेग, कळ दाबून धरली तर अक्षर किती लवकर पुन्हा उमटावं, हेही ठरवता यायचं. डोळ्याला काय आवडतं आणि हाताला काय झेपतं, दोन्ही एका जागी होतं. आज विंडोजमध्ये चित्र आणि रंग ‘पर्सनलायझेशन’मध्ये आहेत आणि अक्षराचा आकार व बाणाचा आकार ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये. दुसऱ्या पानावर अपंगांनीच जायचं असतं असं लोकांना वाटतं, म्हणून साठीची धडधाकट माणसं तिकडे फिरकत नाहीत आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बसतात. ही वाटणी मला मान्य नाही. घराचा कॉम्प्युटर आपला करायचा, तर सुरुवात त्या दुसऱ्या पानापासूनच व्हायला हवी. पुलाचा फोटो त्यानंतर.

नवीन मशीन आलं आहे. स्टार्ट डाव्या कोपऱ्यात आहे, ही भाच्याची अट. टास्कबार खाली आहे, कारण मशीन आलं तेव्हा दुसरा इलाज नव्हता. वन्संना ते अजून खटकतं. बाकी सगळं त्यांच्या मनाप्रमाणे.

तुमच्या घरात वडीलधाऱ्यांचा विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर पुढच्या वेळी त्याच्यासमोर त्यांनाच बसवा आणि तुम्ही शेजारी बसा. विंडोजची खूण असलेली कळ धरून यू दाबा, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान उघडेल. टेक्स्ट साइजची पट्टी २२५ टक्क्यांपर्यंत जाते. ती त्यांनाच सरकवू द्या, आणि ते जिथे थांबतील तिथेच राहू द्या.